शिंकऱ्या सेनापतीचा सहावा भाग

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बाई बसायची, तिला सगळे खोडताई म्हणायचे. तिला स्वतःचं नाव नव्हतं असं नाही, पण अकरा वर्षं एकच काम केलं की नाव मागे पडतं आणि काम पुढे येतं. परत आलेली पुस्तकं आधी तिच्या टेबलावर यायची. लोक पुस्तकांत काय काय करून ठेवतात ते तिला विचारावं. रेघा, फोन नंबर, किराण्याची यादी, एका महाभागाने तर स्वयंपाकाच्या पुस्तकात आपल्या दाढदुखीचा सगळा इतिहास लिहिला होता. पेन्सिलीचं असेल ते खोडायचं, फाटलं असेल ते चिकटवायचं, सुटलेली पानं शिवायची आणि पुस्तक पुन्हा कपाटात लावायला द्यायचं. तिच्या हाताखालून गेलेलं पान नुकतंच छापून आल्यासारखं दिसे. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

एकच खोट होती. खोडताना पिसासारखा हलका असणारा हात लिहायला बसला की दगडासारखा जड व्हायचा. पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी लिहिली तरी खालच्या तीन कागदांवर उमटायची. ग्रंथपालबाई म्हणायच्या, अहो, लिहिताय की खिळे ठोकताय. खोडताई हसून सोडून द्यायची. परीक्षेला बसणारी मुलं पाठ्यपुस्तकांत दाबून रेघा मारायची, त्यांच्यावर मात्र ती करवादायची. रंग निघतो, खड्डा राहतो, असं ती त्यांना तोंडावर सुनवायची. हे तिचं रोजचं बोलणं होतं, हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी वाचनालयात सात भागांची एक चिनी कादंबरी आली, आपल्या भाषेत उतरवलेली. मुखपृष्ठावर गुलाबी ढग, ढगावर झाडू घेतलेली एक मुलगी आणि तिच्यामागे लांब केसांचा देखणा योद्धा, नाकाला रुमाल लावून. मुलगी स्वर्गातल्या महालात ढग झाडायला ठेवलेली. तो नऊशे वर्षं तप केलेला सेनापती. त्याला शाप असा, की मनात प्रेम आलं रे आलं की शिंक यायची, आणि शिंक अशी की समोरच्या झाडावर एक फूल राहायचं नाही. सात भाग हा शिंकतो आणि ती झाडते, एवढीच गोष्ट. ग्रंथपालबाईंनी नाक मुरडलं, पण वाचकांचीच मागणी होती, करता काय.

पहिला भाग परत आला तो समास भरून. मोहरीएवढं अक्षर, आणि हात इतका हलका की पेन्सिल टेकवली की नाही असं वाटावं. खोडताईने खोडरबर उचललं आणि नजर पडलीच. सेनापतीच्या पहिल्या शिंकेपाशी लिहिलं होतं, "अहो, कुणीतरी याला वाफ द्या." महालातली मुख्य दासी ढग झाडणारीला झापत होती, तिथे, "ही आमच्या सासूबाईंची मावसबहीण दिसते." आणि तिसरं झाड बोडकं झालं तिथे नुसतं, "माळी राजीनामा देणार."

खोडताई एकटीच खो-खो हसली. अकरा वर्षांत त्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नव्हता, म्हणून ग्रंथपालबाई दारातून डोकावून गेल्या. मग विनोद नीट कळावेत म्हणून तिने पान वाचलं, पान कळावं म्हणून आधीचं पान वाचलं, आणि एका तासाच्या कामाला तीन दिवस लागले. संध्याकाळी घरी भाजी निवडताना ती सगळी गोष्ट वहिनीला सांगायची, विनोदांसकट. वहिनी म्हणजे तिच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. घरात त्या दोघीच होत्या आणि दोघींचं मेतकूट जमलेलं होतं. वहिनी म्हणायची, वन्सं, त्या सेनापतीला सांगा, आधी नाक शिंकरून ये, मग लग्नाचं बोल. दोघींचे दिवस मजेत जाऊ लागले, हे कबूल करायला पाहिजे.

लिहिणारी कोण ते खोडताईला ठाऊक नव्हतं. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर फक्त सभासद क्रमांक असायचा, चारशे बारा. नावं आणि पत्ते पुढे ग्रंथपालबाईंच्या वहीत. त्यांचा नियम कडक होता. कोण काय वाचतं ते विचारायचं नाही, कुणी पुस्तकात काय लिहिलं ते बाहेर बोलायचं नाही. प्रत्येक नवा भाग आधी चारशे बाराच नेई, म्हणून समास तिचेच असायचे.

दुसऱ्या भागात विनोद होतेच, पण मध्ये मध्ये आणखी काहीतरी येऊ लागलं. "पान अठ्ठ्याऐंशी. गाडीचा आवाज आला. बाकी उद्या." खोडताईला वाटलं, पाहुणे आले असतील. पुढे एके ठिकाणी, "मोरीत नळ सोडून वाचतेय, म्हणजे पान उलटल्याचा आवाज बाहेर जात नाही." इथे तिचा हात थांबला. मग घरोघरी काहीतरी असतंच, असं मनाशी म्हणून तिने ते खोडून टाकलं.

तिसऱ्या भागात अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, काळं, दाबलेलं. "उजवा हात चालत नाही. डाव्याने लिहिलंय, माफ करा." कुणाची माफी मागत होती कोण जाणे. आणि पुढच्याच पानावर त्याच डाव्या हाताने, "सेनापतीच्या नाकाला आणि माझ्या हाताला एकच वैद्य बघा." खोडताईला हसू आलं आणि हसता हसता तिने आधीचं पान पुन्हा वाचलं. त्यातून झालं काय, तर सेनापती शेवटच्या प्रकरणात एकदाचा मनातलं बोलणार होता. ते वाचायची हिला इतकी घाई, की शेवटच्या पाच-सहा पानांचे समास तिने न बघताच भराभर पुसून काढले. सेनापती बोललाच नाही, शिंकला. महालाचं छप्पर उडालं.

आता कुणी म्हणेल, अगं बाई, खोडलंस कशाला? मलाही तिचा राग येतो, इथे येतोच. पण हाताला सवय लागली की हात डोक्याला विचारत नाही. आणि नियमाचं एक बरं असतं, तो पाळला की आपण चांगले असं वाटतं.

घरी मात्र तिच्याने गप्प बसवेना. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. सुरी खाली ठेवली. म्हणाली की नियम गेला खड्ड्यात, ती बाई भिंतीशी बोलतेय, आणि भिंतीमागे तुम्ही बसलाय, तर ओ तरी द्या. खोडताई रात्रभर कूस बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी चौथा भाग चारशे बारासाठी बाजूला निघायच्या आधी तिने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकात लिहिलं. पुन्हा एक झाड बोडकं होतं तिथे, समासात, "मीही हसते. हात बरा आहे का?"

चौथा भाग आला तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि मग उघडला. "तुम्ही कोण? मला वाटायचं हे सगळं वाऱ्यावर जातं. हात बरा आहे. तुमचं अक्षर किती ठसठशीत, अंधारातही बोटांना लागेल." खोडताईला त्याचा अभिमानच वाटला. ते ती वहिनीला दोनदा सांगून बसली.

पाचव्यात तिने विचारलं, घरी ठीक आहे का, खरं सांगा. त्या भागात ढग झाडणारीला स्वर्गाच्या राणीने चंद्राच्या विहिरीत कोंडलं होतं आणि सेनापतीच्या एका शिंकेने विहिरीचं दार निखळलं होतं. त्या ओळीशेजारी उत्तर होतं, काळं आणि दाबलेलं. "अशी एक शिंक आमच्या दाराला मिळाली तर. कडी बाहेरून असते." आणि शेवटच्या पानावर, "एका गुरुवारआड दहाला पुस्तक बदलायला आणतात. हे बाहेर गाडीत बसतात. दहा मिनिटं देतात. मुखपृष्ठ बघून हसतात, म्हणतात पोरकट आहे, वाच. तुमच्याकडे मागचं दार आहे का?"

मागचं दार होतं, तिच्याच खोलीला होतं. नव्या पुस्तकांचे खोके तिथून आत यायचे. बाहेर अरुंद बोळ आणि बोळाच्या तोंडाशी मोठा रस्ता. वहिनी म्हणाली, पुढची खोली आहे की रिकामी, तुमचे भाऊ गेल्यापासून तिथे कपाटच तर आहे. तिने त्याच संध्याकाळी पलंगावर धुतलेली चादर घातली आणि उशाशी पहिले चार भाग ठेवले, वाचनालयातून खोडताईच्या कार्डावर आणलेले. पाचवा अजून टेबलावर पुसायचा होता, तो दुसऱ्या दिवशी पुसून झाला.

मग खोडताई सहावा भाग घेऊन बसली. पान दोनशे तीन, समास रुंद होता. चूक होऊ नये, एकही अक्षर भलतं वाचलं जाऊ नये, म्हणून तिने सावकाश, मनापासून, एकेक अक्षर घोटून लिहिलं. "गुरुवारी दहाला मागचं दार उघडं ठेवते. इमारतीच्या डावीकडून बोळ. दार हिरवं. आमच्याकडे खोली रिकामी आहे. सातवा भाग तुमच्या हातात देईन. वाचलं की लगेच खोडा." आणि मागच्या मुखपृष्ठाच्या खिशात तिने आपलं सगळ्यात मऊ खोडरबर ठेवलं. घरात खोडरबर नसेल तर त्या बाईची पंचाईत नको, एवढा पुढचा विचार तिने केला. पुढचा केला, खालचा नाही केला.

चारशे बाराने सहावा भाग नेला, त्यानंतरचे दोन आठवडे काही सरता सरेनात. तिने हिरव्या दाराच्या कडीला तेल घातलं, बिजागऱ्यांना घातलं. बोळातले रिकामे खोके हलवले, म्हणजे पळताना पायात येणार नाहीत. वहिनीने दोनदा विचारलं, तिच्या मापाचे कपडे कसे असतील हो? दोघींना तिचा चेहरासुद्धा माहीत नव्हता. पण ती माळ्याविषयी काय म्हणेल, शेवट कळल्यावर काय म्हणेल, हे दोघी अगदी ठामपणे एकमेकींना सांगायच्या. सातवा भाग खोडताईने मुद्दाम वाचला नाही. तिघींनी मिळून वाचायचा, असं ठरलं होतं.

गुरुवारी साडेनवापासून ती दाराकडे तोंड करून बसली. सातवा भाग टेबलावर, त्याच्यावर खळीचं फडकं टाकलेलं. दहा वाजले. बोळात पावलं वाजली तशी ती उठली, आणि उठता उठताच तिच्या लक्षात आलं की ही पावलं घाईची नाहीत. सावकाश येत होती, बुटांची.

दारात एक गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, चेहऱ्यावर कुठे राग नाही. असा माणूस शेजारी असावा असं कुणालाही वाटलं असतं. त्याने वाकून उंबऱ्यापाशी बूट पुसले आणि आत आला.

"सभासद चारशे बाराचं पुस्तक," तो म्हणाला. "पुढे रांग होती, म्हटलं हिरव्या दाराने द्यावं."

त्याने सहावा भाग टेबलावर ठेवला. मग खिशातून खोडरबर काढून पुस्तकावर ठेवलं, अगदी मधोमध, आणि हेही तुमचंच ना, असं विचारलं. खोडताईने विचारलं, त्या नाही आल्या?

"ती आता वाचणार नाही. सातवा भाग मात्र द्या. शेवट काय होतो ते मी सांगेन तिला."

फडक्याखालून गुलाबी ढगाचा कोपरा बाहेर आला होता. खोडताई म्हणाली, सातवा अजून आलेला नाही. त्याने त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि लहान मुलाची थाप ऐकून मोठी माणसं हसतात तसा हसला. बरं म्हणाला. जाताना दार ओढून घेतलं. तेल घातलेल्या बिजागऱ्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत.

तिने पान दोनशे तीन उघडलं. त्या बाईने सांगितल्याप्रमाणे सगळं खोडलं होतं, उत्तम खोडलं होतं, पेन्सिलीचा कणही मागे ठेवला नव्हता. पण नंतर कुणीतरी पेन्सिल आडवी धरून तो समास भरून काढला होता. घाई न करता, एकसारखा, कडेच्या बाहेर न जाता. आणि त्या करड्या रंगात खोडताईचं ठसठशीत अक्षर पांढरं उमटलं होतं. गुरुवार, दहा, बोळ, हिरवं दार. एकही अक्षर भलतं वाचलं जाणार नव्हतं.

तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तिच्या हाताने आधी खोडरबरच उचललं. करड्या समासावर एक फटकाही मारला. मग ती थिजली. अकरा वर्षं जगाला ऐकवलेलं आपलंच वाक्य तिला आठवलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. आपण त्या बाईला वाचवायला गेलो आणि आपल्याच हाताने तिला धरून दिलं, हे तिला स्वच्छ कळलं.

पण रडत बसायची ती वेळ नव्हती. ती उठली. पाचवा भाग पुसून तिथेच कपाटात होता. तिने खणातली सगळ्यात काळी, मऊ पेन्सिल काढली, त्याने धरली तशीच आडवी धरली, आणि आपण चकचकीत केलेला समास आयुष्यात पहिल्यांदा काळा केला. बराच वेळ काही नाही. मग विहिरीच्या दारापाशी पांढरं उमटलं. कडी बाहेरून असते. शेवटच्या पानावर गाडी, दहा मिनिटं. तिने घरी फोन लावला आणि वहिनीला सांगितलं की पहिला आणि तिसरा भाग घेऊन अशीच निघून या, पायात चप्पल घालायलाही थांबू नका.

वहिनी धापा टाकत आली. तिसऱ्या भागात डाव्या हाताचं वाक्य लगेच वर आलं. पहिल्या भागातले विनोद काही उमटेनात. पेन्सिल फिरवून फिरवून पानं काळी झाली, माळी नाही, मावसबहीण नाही, वाफ नाही. हसताना त्या बाईचा हात हलका असायचा. मग खोडताईने तिसऱ्या भागाची शेवटची पाच-सहा पानं घेतली, सेनापती बोलेल म्हणून घाईघाईत पुसलेली. तिथे, छप्पर उडतं त्या ओळीशेजारी, खोल खड्ड्यांचं वाक्य होतं.

"जिन्यावरून पडले नाही. ढकललं. कुणी वाचत असाल तर दार वाजवा."

तीन महिने झाले होते त्या वाक्याला. वहिनीने खोडताईचा दंड धरून तिला उभं केलं.

तिसरा, पाचवा आणि सहावा भाग घेऊन त्या ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेल्या. खोडताईने आधी आपला गुन्हा सांगितला, मग पानं दाखवली. ग्रंथपालबाईंनी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. नियमाचं एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी वही उघडली, चारशे बाराचा पत्ता कागदावर उतरवला, पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि आत बसलेल्या वाचकांना सांगितलं की आज वाचनालय बंद. तिघी पोलीस ठाण्यात गेल्या.

ठाण्यावरचे साहेब वयस्कर होते. आधी गुलाबी ढग बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पानं बघितल्यावर ती गेली आणि त्यांनी गाडी पाठवली. मग तिघींना बाकावर बसवलं आणि चहा मागवला. चहा कुणी प्यायला नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, साडेबारा झाले. खोडताईच्या मांडीवर सातवा भाग होता, कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं.

फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोळे मिटले, आणि रिसीव्हर ठेवला. त्यांनी सांगितलं की कडी बाहेरूनच होती. बाई सापडल्या, श्वास चालू आहे, रुग्णालयात नेताहेत. शुद्धीवर येतील की नाही ते डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. त्याला घरातच धरलं. वहिनी पदराआड रडू लागली. ग्रंथपालबाईंनी खोडताईच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिला सहन होईना.

साहेबांनी कागद पुढे ओढला. पुरावा म्हणून पुस्तकं ठेवून घ्यावी लागतील, म्हणाले. काळी झालेली पानं त्यांनी एकेक करून मोजली, आणि मग विचारलं की त्या बाईंनी लिहिलेलं एवढंच का, दुःखाचंच, दुसरं काही नव्हतं?

"नाही हो," खोडताई म्हणाली. "बाकी सगळे विनोद होते. ते मी खोडले."